अमेरिकेची जनगणना आणि वंशाचा रकाना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि दर वेळी फॉर्ममधल्या एका प्रश्नावर घरोघरी चर्चा रंगते. ‘आपण नक्की कोण? एशियन? इंडियन? अदर?’ हे पान मुख्यतः तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. पण इकडे जातिगणनेवरून एकमेकांशी हुज्जत घालणाऱ्यांनीही ते वाचायला हरकत नाही.

फॉर्ममध्ये नेमकं काय विचारतात?

फार नाही. २०२०च्या फॉर्ममध्ये १ एप्रिलला घरात किती माणसं राहतात, घर स्वतःचं की भाड्याचं, फोन नंबर, मग प्रत्येकाचं नाव, लिंग, वय, जन्मतारीख आणि एकमेकांशी नातं इतकंच होतं. उत्पन्न, शिक्षण, धर्म, नागरिकत्व यातलं काहीही नव्हतं. दहा मिनिटांत आटपणारं काम.

घोळ आठव्या आणि नवव्या प्रश्नात. आठवा : तुम्ही हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश वंशपरंपरेचे (म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मूळ असलेले) आहात का? नववा : तुमचा वंश कोणता? आणि दोन्हींच्या वर एक टीपवजा सूचना : दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्या, या जनगणनेपुरतं हिस्पॅनिक हा वंश धरलेला नाही. सरकारी फॉर्मलाच खुलासा करावा लागतो, यातच सगळं आलं.

वंशाच्या प्रश्नात ‘व्हाइट’समोर उदाहरणं म्हणून जर्मन, आयरिश यांच्याबरोबर लेबनीज आणि इजिप्शियनही छापलेले होते. ‘ब्लॅक’ला एकच चौकट. आशियाई लोकांना मात्र चिनी, फिलिपिनो, एशियन इंडियन, व्हिएतनामी, कोरियन, जपानी अशा वेगवेगळ्या चौकटी. म्हणजे कुठे रंग, कुठे देश, कुठे जमात. एका प्रश्नात तीन मोजपट्ट्या. शास्त्र शोधायला जाल तर सापडणार नाही, कारण ही यादी शास्त्रज्ञांनी बसून केलेली नाही. ती दोनशे वर्षांच्या भांडणांतून साठत आली आहे.

लोकांचा राग कशावर असतो?

राग एका जातीचा नाही. काहींचं म्हणणं असं की राज्यघटनेनं फक्त डोकी मोजायला सांगितली, बाकी चौकशा सरकारनं करू नयेत. २००९मध्ये मिनेसोटातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आलेल्या मिशेल बाकमन यांनी जाहीर केलं होतं की आपण घरातल्या माणसांची संख्या सांगू, त्यापुढे एक अक्षर नाही. गंमत अशी की २०२०च्या मोजणीत त्याच मिनेसोटानं काँग्रेसमधली आपली आठवी जागा केवळ २६ माणसांच्या फरकानं राखली आणि न्यूयॉर्कनं ८९ माणसं कमी पडली म्हणून एक जागा गमावली.

काहींना वंश विचारणंच भेदभावाला खतपाणी घालण्यासारखं वाटतं. काही जण चौकटीत ‘अमेरिकन’ लिहून मोकळे होतात. २०००च्या जनगणनेत मूळ कुठलं या वेगळ्या प्रश्नाला सुमारे २ कोटी लोकांनी ‘अमेरिकन’ असं उत्तर दिलं होतं, आणि केंटकी-टेनेसीच्या डोंगराळ भागात हे उत्तर फार लोकप्रिय होतं. काहींना प्रश्न चालतो, पण पर्यायांत आपण कुठेच दिसत नाही याचा संताप असतो. आणि ज्यांच्या आजी-आजोबांना अशा याद्यांनी त्रास झाला, त्यांची भीती तर अगदी वेगळी.

माझं मत विचाराल तर राग बहुधा रकान्यावर नसतो, रकाना कोणी आखला यावर असतो. ज्या समाजानं स्वतः मागून घेतला तो हौसेनं खूण करतो. ज्याच्यावर लादला तो पिढ्यान्‌पिढ्या कुरकुरतो. खालची बरीचशी उत्तरं वाचताना हे ध्यानात ठेवलंत तर गोष्टी सोप्या होतील.

पूर्वी नुसती डोकीच मोजत ना? वंशाचं खूळ नंतरचं?

नाही. १७९०च्या पहिल्याच जनगणनेत गोरे स्वतंत्र पुरुष, गोऱ्या स्त्रिया, इतर स्वतंत्र माणसं आणि गुलाम असे रकाने होते. गुलाम माणूस प्रतिनिधित्वाच्या हिशेबात तीनपंचमांश धरायचा, असं घटनेतच लिहिलेलं होतं. तेव्हा डोकी मोजायची तर रंग पाहणं भाग होतं. ३९ लाखांच्या त्या देशात जवळपास ७ लाख गुलाम होते.

पुढे तर मोजमापाचा कळस झाला. १८५०मध्ये ‘मुलाटो’ आला, म्हणजे मिश्र रक्ताचा. १८९०मध्ये ‘क्वाड्रून’ आणि ‘ऑक्टोरून’, म्हणजे एकचतुर्थांश आणि एकअष्टमांश. आणि हे ठरवायचं कोणी? दारात उभ्या असलेल्या प्रगणकानं, चेहरा बघून. १९३०मध्ये मुलाटो काढला आणि सूचना निघाली की काळ्या रक्ताचा थेंबभर अंश असला तरी माणूस ‘निग्रो’ लिहायचा. आपला वंश आपणच सांगायचा ही पद्धत १९६०पासून रुळू लागली.

आपल्या लोकांची, म्हणजे भारतीयांची नोंद पूर्वी कशी व्हायची?

हा भाग मजेशीर आहे, आणि थोडा चीड आणणाराही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर पंजाबी मजूर येऊ लागले. बहुसंख्य शीख, काही मुसलमान, थोडे हिंदू. अमेरिकनांच्या लेखी सगळे ‘हिंदू’. १९१०च्या जनगणनेपुढे पेच पडला. अहवालात जनगणना ब्यूरोनं, म्हणजे मोजणी करणाऱ्या सरकारी खात्यानं, मान्य केलं की वंशशास्त्राप्रमाणे ही मंडळी गोऱ्यांत मोडतात, पण त्यांची संस्कृती युरोपापेक्षा फार वेगळी, म्हणून त्यांना गोरेतर आशियाईंत टाकणं योग्य. पुढे १९२०, १९३० आणि १९४० अशा तीन जनगणनांत ‘हिंदू’ हा चक्क एक वंश होता. डोक्याला फेटा बांधलेला शीख शेतकरीही त्याच रकान्यात.

१९४६च्या कायद्यानं भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग मिळाला, पण वर्षाला शंभर जणांचा कोटा. खरा ओघ १९६५च्या कायद्यानंतरचा. डॉक्टर, इंजिनीयर, संशोधक आले आणि त्यांत मुंबई-पुण्याची मराठी माणसंही बरीच होती. १९७०च्या जनगणनेनं या सर्वांना काय केलं? गोरं केलं. ‘इतर’मध्ये कोणी ‘भारतीय’ लिहिलं तरी कार्यालयात ते पुसून ‘व्हाइट’मध्ये घालत. ‘हिंदू वंशा’पासून ‘गोरे’पर्यंतचा प्रवास तीस वर्षांत, आणि माणसांना पत्ताही नाही.

आपण ‘कॉकेशियन’ (जुन्या वंशशास्त्रातला गोरा वंश) आहोत असं काका ठासून सांगतात. मग ‘व्हाइट’वर खूण केली तर?

काकांना भगतसिंग थिंद यांचं नाव सांगा. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात राहिलेल्या या शीख गृहस्थानं नेमका हाच युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे केला : मी आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरा, म्हणून नागरिकत्वाला पात्र. १९२३मध्ये न्यायालयानं एकमतानं सांगितलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्या निकालानंतर आधी मिळालेलं नागरिकत्वही कित्येक भारतीयांकडून काढून घेतलं गेलं. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी ओझावा या जपानी अर्जदाराला त्याच न्यायालयानं उलट कारण दिलं होतं : रंग गोरा असेल, पण तू कॉकेशियन नाहीस. चित भी मेरी, पट भी मेरी.

आज कोणी अडवणार नाही. जे स्वतःला वाटतं ते लिहायची मोकळीक आहे. पण मोकळीक आहे म्हणून काकांचा युक्तिवाद खरा ठरत नाही.

मग ‘एशियन इंडियन’ हा रकाना कसा आला?

मागून घेतला. सत्तरच्या दशकात ‘असोसिएशन ऑफ इंडियन्स इन अमेरिका’ या संस्थेनं त्यासाठी पाठपुरावा केला. नोकरी, बढती, सरकारी कंत्राटं यांत भेदभाव होतो, पण आपण कागदावर गोरे असल्यामुळे तो सिद्धच करता येत नाही, हे त्यांचं म्हणणं.

समाजात यावर एकमत होतं असं समजू नका. शिकागोतल्या ‘इंडिया लीग ऑफ अमेरिका’नं विरोध केला. चांगले शिकलेले, कमावते लोक आपण, ‘अल्पसंख्य’ म्हणून हात पसरायचा आणि गोऱ्या-काळ्या दोघांची नाराजी ओढवायची कशाला, हा त्यांचा सूर. आजही एखाद्या गणपतीच्या मांडवात हा वाद काढून बघा, दोन्ही बाजूंना तेवढ्याच तावातावानं बोलणारे सापडतील.

१९७७मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारनं भारतीय उपखंडाला आशियाई गटात घातलं आणि १९८०च्या फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ छापून आला. तेव्हा साडेतीन लाखांहून थोडे अधिक होतो. २०००मध्ये जवळपास १७ लाख, २०१०मध्ये २८ लाख आणि २०२०मध्ये फक्त हीच एक खूण करणारे सुमारे ४४ लाख. एकच मूळ सांगणाऱ्या आशियाईंमध्ये भारतीय आता पहिल्या क्रमांकावर आहेत.

जाता जाता : ‘अमेरिकन इंडियन’ ही चौकट आपली नव्हे. ती तिथल्या मूळ रहिवाशांची आहे. घाईत ‘इंडियन’ शब्द दिसला की खूण करणारे असतात, म्हणून सांगितलं.

हिस्पॅनिक लोक वंशाच्या प्रश्नाला काय उत्तर देतात?

बरेच जण वैतागतात. १९३०मध्ये ‘मेक्सिकन’ हा वंश म्हणून छापला गेला तेव्हा मेक्सिकोच्या सरकारनं आणि तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन संघटनांनी इतका विरोध केला की १९४०मध्ये तो काढावा लागला आणि ती माणसं पुन्हा गोऱ्यांत गेली. त्या काळात ‘गोरा नाही’ असं कागदावर येणं म्हणजे शाळा, हॉटेलं, नागरिकत्व सगळ्यावर गदा येणं. तेव्हा रकाना नको होता. आता नेमका तोच नसल्याची तक्रार आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०१५च्या पाहणीत दोनतृतीयांश हिस्पॅनिक प्रौढांनी सांगितलं की हिस्पॅनिक असणं हा आपल्या वंशाचाच भाग आहे.

मग ते ‘इतर’ निवडतात. २०२०मध्ये ४२ टक्के हिस्पॅनिकांनी फक्त ‘इतर वंश’ लिहिला. मुळात उरलंसुरलं टाकायला ठेवलेला हा रकाना आता जवळपास ५ कोटी लोकांचा, म्हणजे गोऱ्यांखालोखाल दुसरा मोठा गट झाला आहे. ज्या यादीत दुसरा क्रमांक ‘इतर’चा, त्या यादीबद्दल आणखी काय बोलावं!

‘निग्रो’ शब्द फॉर्मवर २०१०पर्यंत होता हे खरं?

खरं. ‘ब्लॅक, आफ्रिकन अमेरिकन ऑर निग्रो’ असं एका ओळीत. तरुण मंडळी खवळली. ब्यूरोचं स्पष्टीकरण होतं की काही वयस्क काळी माणसं अजून स्वतःला हाच शब्द लावतात आणि २०००मध्ये पन्नास हजारांवर लोकांनी तो हातानं लिहिला होता. २०१३मध्ये तो काढायचं ठरलं.

आई मराठी, वडील गोरे. मुलांनी काय लिहायचं?

दोन्ही. २०००पासून एकाहून अधिक खुणा करता येतात. त्याआधी मुलांना आईबापांतला एक निवडावा लागे आणि मिश्र कुटुंबांतल्या आयांनी या बदलासाठी नव्वदच्या दशकात काँग्रेसपुढे साक्षी दिल्या होत्या. काळ्यांच्या काही संघटनांचा याला विरोध होता. आपली संख्या फुटेल ही भीती, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती.

सक्ती नाही. बराक ओबामांची आई गोरी, तरी २०१०मध्ये राष्ट्राध्यक्ष असताना त्यांनी फक्त ‘ब्लॅक’वर खूण केली. त्यावर टीकाही झाली. २०१०मध्ये दोन किंवा अधिक वंश सांगणारे २.९ टक्के होते, २०२०मध्ये १०.२ टक्के. एवढी वाढ केवळ लग्नांमुळे नाही. हातानं लिहिलेली उत्तरं वाचण्याची आणि वर्गवारीची पद्धत ब्यूरोनं बदलली, त्याचा वाटा मोठा आहे. तेव्हा ‘दहा वर्षांत मिश्र लोक तिप्पट झाले’ असा मथळा दिसला तर जरा दमानं घ्या.

ही माहिती पोलिसांकडे किंवा इमिग्रेशनकडे जाते का?

कायदा म्हणतो, नाही. एका व्यक्तीची माहिती उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे. नावानिशी नोंदी ७२ वर्षं बंद राहतात. १९५०च्या नोंदी २०२२मध्ये खुल्या झाल्या.

पण लोक बिचकतात ते उगाच नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना छावण्यांत डांबलं, त्यातले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. ते कुठल्या गल्लीत, किती राहतात याचे तक्ते जनगणना ब्यूरोनं लष्कराला पुरवले. नावं मात्र दिली नाहीत, असं अनेक वर्षं सांगितलं जात होतं. २००७मध्ये मार्गो अँडरसन आणि विल्यम सेल्ट्झर या अभ्यासकांनी कागदपत्रं काढून दाखवली की १९४३मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या जपान्यांची नावं-पत्तेही सिक्रेट सर्व्हिसकडे गेले होते. युद्धकाळात गोपनीयतेचं कलमच सैल केलेलं होतं. ब्यूरोच्या संचालकांनी २०००मध्ये माफी मागितली होती. आणि २००४मध्ये अरब वंशाचे लोक कुठल्या शहरात, कुठल्या पिनकोडात किती याचे तक्ते गृहसुरक्षा खात्याला दिल्याचं बाहेर आलं. आकडेवारी जाहीरच होती, त्यामुळे कायदा मोडला नव्हता. अरब वस्त्यांत विश्वास मात्र मोडला.

माझा सल्ला : फॉर्म भरा. आजचा कायदा कडक आहे. मात्र ‘घाबरण्यासारखं काही नाही’ असं ज्याच्या आजोबांनी छावणी पाहिली त्याला तोंडावर सांगू नका.

नागरिकत्वाचा प्रश्न येणार होता ना?

ट्रम्प सरकारनं २०२०साठी तो घालायचं ठरवलं होतं. कारण दिलं मतदान हक्क कायद्याच्या अंमलबजावणीचं. जून २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी हे कारण बनावट वाटतं म्हणून तो रोखला. प्रश्न छापला गेला नाही, पण वर्षभर गाजत राहिल्यामुळे व्हायचा तो परिणाम होऊन गेला. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेली कितीतरी कुटुंबं दारावरची टकटक ऐकून गप्प बसत. ऑगस्ट २०२५मध्ये ट्रम्प यांनी बेकायदा राहणाऱ्यांना वगळून नवी जनगणना करण्याची भाषा केली, त्यामुळे हा विषय संपलेला नाही.

उत्तर दिलं नाही तर काय होतं?

कायद्यात दंड आहे. खटले भरल्याचं गेल्या काही दशकांत सहसा ऐकिवात नाही. घरी माणूस येतो, पुन्हा येतो, मग शेजाऱ्यांना विचारतो. तुमचा वंश तुमच्या शेजाऱ्यानं सांगावा, यापेक्षा आपण सांगितलेला बरा.

वंश सांगून आपला फायदा काय?

मतदारसंघांची आखणी, मतदान हक्क कायदा, शाळा-दवाखान्यांचा पैसा हे नेहमीचं उत्तर. जवळचं उदाहरण देते : न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगालीत आणि शिकागोच्या कुक काउंटीत हिंदीत मतपत्रिका मिळू लागल्या, त्या ब्यूरोच्या आकड्यांवरूनच २०११मध्ये ठरल्या. इंग्रजी कच्चं असलेल्या आजीला त्याचं मोल विचारा.

जे मोजले जात नाहीत त्यांचं नुकसान होतं. ब्यूरोच्याच तपासणीनुसार २०२०मध्ये हिस्पॅनिक सुमारे ५ टक्के, काळे ३.३ टक्के आणि राखीव प्रदेशांतले मूळ रहिवासी ५.६ टक्के कमी मोजले गेले. आशियाई मात्र २.६ टक्के जास्त. म्हणजे ज्यांचा सरकारवर भरवसा कमी, त्यांच्याच वाट्याला कमी येतं.

‘मराठी’ म्हणून नोंद होते का? धर्म, जात?

दहा वर्षांच्या फॉर्ममध्ये भाषेचा प्रश्न नाही. दरवर्षी काही घरांत होणाऱ्या ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’त आहे, तिथे ‘मराठी’ जरूर लिहा. पण प्रसिद्ध होणाऱ्या एका नेहमीच्या तक्त्यात आपली मोट ‘नेपाळी, मराठी आणि इतर भारतीय भाषा’ अशी बांधलेली असते. गुजराती, तेलुगू, तमिळ, बंगाली, पंजाबी, हिंदी यांना स्वतंत्र ओळ. आता बोला. २०२०मध्ये फॉर्म भरायची मार्गदर्शिका मात्र मराठीतही होती.

धर्म सक्तीनं विचारायला १९७६पासून कायद्यानंच बंदी आहे. ‘हिंदू’ हा वंश म्हणून तीनदा छापणाऱ्या देशात हिंदू किती हे आज जनगणनेवरून सांगता येत नाही. जात विचारत नाहीत.

आपल्याकडच्या जातिगणनेशी याची तुलना करावी का?

जपून. वंश आणि जात या वेगळ्या गोष्टी आहेत, पण भांडणाचे मुद्दे ओळखीचे वाटतील. सर्व जातींची मोजणी झालेली आपली शेवटची जनगणना १९३१ची. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जाती-जमातीच मोजल्या. २०११च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत लोकांना जात आपल्या शब्दांत सांगू दिली आणि ४६ लाख नावं गोळा झाली. आडनाव, कुळी, पोटजात, शुद्धलेखनाचे प्रकार, सगळं एकत्र. ओबीसी आरक्षणासाठी महाराष्ट्रानं तो डेटा मागितला, केंद्रानं तो सदोष असल्याचं सांगितलं आणि डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्याची मागणी फेटाळली. एप्रिल २०२५मध्ये केंद्रानं पुढच्या जनगणनेत जात मोजायचं जाहीर केलं आहे.

अमेरिकेकडून एक धडा घेण्यासारखा आहे. तयार यादी दिली की यादीबाहेरचा चिडतो, मोकळी जागा दिली की आकडे हाती लागत नाहीत. तिथे ब्यूरो नवे प्रश्न आधी लाखो घरांत चाचणी म्हणून पाठवतो आणि मगच छापतो. आपल्याकडे नावांच्या याद्या आधी लोकांसमोर ठेवून हरकती मागवल्या तर निम्मी डोकेदुखी टळेल.

२०३०मध्ये काय बदलणार?

मार्च २०२४मध्ये ठरलेल्या नव्या नियमांनुसार हिस्पॅनिक आणि वंश हे दोन प्रश्न एकत्र होतील आणि ‘मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका’ हा नवा गट येईल. लेबनीज, इजिप्शियन, इराणी माणसं आजवर ‘व्हाइट’मध्ये धरली जात. विमानतळावर वेगळं काढतात, फॉर्मवर गोरं धरतात, ही त्यांची जुनी तक्रार. २०२०मध्ये सुमारे ३५ लाख लोकांनी आपलं मूळ तिथलं असल्याचं हातानं लिहिलं होतं. सरकारं बदलली की असे नियमही हलतात, त्यामुळे फॉर्म छापून येईपर्यंत काही गृहीत धरू नका. ‘एशियन इंडियन’ नव्या नियमांतही आशियाई गटातच आहे.

१ एप्रिलला आई-बाबा पुण्याहून आलेले असतील तर त्यांना मोजायचं का?

सुट्टीला आले असतील तर नाही. ग्रीन कार्ड घेऊन तुमच्याकडेच राहत असतील तर हो. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरची माणसं आणि तिथे शिकणारे विद्यार्थी मोजले जातात, व्हिसा कुठलाही असो. कॉलेजच्या वसतिगृहातली मुलगी तिथे मोजली जाते, तिला घरच्या फॉर्ममध्ये पुन्हा घालू नका. आणि नुकतंच जन्मलेलं बाळ विसरू नका. लहान मुलंच मोजणीतून जास्त सुटतात.